व्हीलचेअरसकट ट्रेकला: नेमकी तयारी कशाची करायची?

रानवारा

आमचा हौशी भटक्यांचा गट आहे. डोंगर मुख्य, जोडीला कयाकिंग आणि कृत्रिम भिंतीवरचं प्रस्तरारोहण. अलीकडे तिघांनी विचारलं, "आम्हाला येता येईल का?" एक मैत्रीण मणक्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअर वापरते, एकाला अजिबात दिसत नाही, एकाचा गुडघ्याखालचा पाय कृत्रिम आहे. "बघू, कळवतो" म्हणून विषय टोलवता आला असता. टोलवायचा नाही असं ठरलं, आणि ठरल्याबरोबर गटात वादावादी सुरू झाली. म्हणून हा धागा.

वाचायला बसलो तर कळलं की हा प्रकार अजिबात नवा नाही. व्हिएतनाम युद्धात हात-पाय गमावून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी १९६७ मध्ये स्कीइंगसाठी एक संघटना काढली, तीच आज 'मूव्ह युनायटेड' म्हणून चालते. १९७० मध्ये डेन्व्हरच्या मुलांच्या रुग्णालयातली, हात किंवा पाय गमावलेली काही मुलं कोलोरॅडोतल्या विंटर पार्कला स्की शिकायला आली. बेत एकाच धड्याचा होता. हॅल ओलिअरी या प्रशिक्षकाने तो पुढे चालू ठेवला आणि त्यातून नॅशनल स्पोर्ट्स सेंटर फॉर द डिसेबल्ड उभं राहिलं.

साधनांमध्ये मला सगळ्यात आवडलं ते जॉएलेट. एका चाकाची खुर्ची, पुढे-मागे दांडे. जोएल क्लोदेल या फ्रेंच गिर्यारोहण मार्गदर्शकाने १९८७ मध्ये स्नायूंचा आजार असलेल्या आपल्या पुतण्यासाठी ती बनवली. पुढचा माणूस ओढतो आणि दिशा देतो, मागचा तोल सांभाळतो. एकच चाक असल्यामुळे अरुंद पायवाटेवरूनही जाते. कॅनडातली ट्रेलरायडर त्याच जातीची. ती व्हँकुव्हरच्या सॅम सुलिव्हन यांच्या कल्पनेतून आली. स्कीइंगच्या अपघातानंतर त्यांचे हात-पाय अधू झाले होते. पुढे ते व्हँकुव्हरचे महापौर झाले. २००६ च्या तुरीन ऑलिंपिकच्या समारोपात झेंडा खुर्चीला लावून, खुर्ची डावी-उजवीकडे फिरवून झेंडा फडकवणारे ते हेच.

वाळूसाठी फुगीर टायरच्या खुर्च्या असतात, सायकलिंगसाठी हातांनी चालवायच्या हँडसायकल, बर्फावर बसून घसरायला मोनोस्की.

आता गटातला वाद. अर्धे म्हणतात, आधी पैसे जमवून अशी एक खुर्ची घेऊ, मग बोलावू. अर्धे म्हणतात, आधी माणसांशी बोलू, मग काय लागेल ते बघू. मी दुसऱ्या बाजूला आहे, पण बोलून नेमकं काय विचारायचं ते मला ठाऊक नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

शंकासुर

हेतू उत्तम आहे, नाव ठेवणार नाही. पण धडधाकट माणसांचे घोटे मुरगळतात तिथे तुम्ही चाकाची खुर्ची न्यायची म्हणता. काही झालं तर जबाबदार कोण? नेपाळने २०१७ च्या शेवटी नियमच केला होता की अंध आणि दोन्ही पाय नसलेल्यांना एव्हरेस्टचा परवाना नाही. त्यांनी काही विचार केलाच असेल ना? इतका अट्टहास का, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

दुर्बीण

@शंकासुर, अर्धीच गोष्ट सांगितलीत. २०१८ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमाला स्थगिती दिली. त्याच वर्षी मे महिन्यात चीनचे शिया बोयू वयाच्या ६९ व्या वर्षी, दोन्ही पाय कृत्रिम असताना, एव्हरेस्टवर पोचले. १९ मे २०२३ ला हरी बुद्ध मगर पोचले, त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून गेलेले आहेत. ते नेपाळचेच. म्हणजे त्या नियमाने स्वतःच्याच देशाच्या माणसाची वाट अडवली होती.

त्याआधीची यादीही आहेच. टॉम व्हिटेकर १९९८ (एक पाय कृत्रिम), एरिक वाइहेनमायर २००१ (पूर्ण अंध), मार्क इंग्लिस २००६ (दोन्ही पाय कृत्रिम), अरुणिमा सिन्हा २०१३ (एक पाय कृत्रिम).

दोनचाकी

धागा वाचून खाते उघडलं, कारण इथे सगळे माझ्याबद्दल बोलताहेत. मानेच्या मणक्याला दुखापत, पाय चालत नाहीत, हातांची पकड कमजोर. काही वर्षं अशा कार्यक्रमांना जाते आहे, चांगल्याही आणि वाईटही.

@दुर्बीण, यादी छान आहे, पण एव्हरेस्ट जरा बाजूला ठेवू या का? आमच्यापैकी बहुतेकांना विक्रम करायचा नसतो. रविवारी सकाळी तळ्याकाठी जायचं असतं, गप्पा मारायच्या असतात, दमून घरी यायचं असतं. "एव्हरेस्ट चढू शकतात तर तुम्ही का नाही" हेही ऐकून झालंय आणि "तुम्ही कशाला त्रास घेता" हेही. दोन्हींचा कंटाळा सारखाच येतो.

@शंकासुर, जबाबदारीचा प्रश्न रास्त आहे. पण तुम्ही रानवारांना विचारलात. मला विचारा ना. मला धोका कळतो. माझ्या शरीरातला कुठला भाग कधी दगा देतो ते तुमच्या गटनेत्यापेक्षा मला चांगलं ठाऊक आहे. रॉबर्ट पर्स्के या अमेरिकी लेखकाने १९७२ मध्येच मांडलं होतं की माणसाच्या आयुष्यातला सगळा धोका काढून घेतला की त्याचा मानही त्यासोबत जातो. पर्स्के मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या लोकांबद्दल लिहीत होते, पण लागू सगळ्यांना आहे.

@रानवारा, काय विचारायचं ते सांगते. बहुतेक फॉर्मात पहिला प्रश्न असतो, "अपंगत्वाचा प्रकार व टक्केवारी". त्यातून तुम्हाला काहीही कळत नाही. हे विचारा: खुर्चीतून गाडीत, जमिनीवर, बोटीत कशा उतरता? स्वतः, फळी लावून, की उचलावं लागतं? उचलायचं तर कसं? किती वेळ सलग बसू शकता? हाताने काय धरता येतं? थंडी-ऊन कितपत सोसतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, लघवीची आणि शौचाची व्यवस्था काय लागेल?

या शेवटच्या प्रश्नाला लोक लाजतात. लोक येणं सोडतात त्याचं मी बघितलेलं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. वाट अवघड म्हणून लोक नाही म्हणत नाहीत, दिवसभर कुठे जायचं ते माहीत नसतं म्हणून नाही म्हणतात. किंवा येतात आणि सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एक लहान तंबू, घडीची कमोड खुर्ची, तिथपर्यंत सपाट दहा पावलं आणि एक विश्वासातली बाई किंवा पुरुष (ज्याला जे हवं) एवढ्यावर काम भागतं. तुमच्या जॉएलेटच्या आधी हे घ्या.

फिजिओ_काकू

दोनचाकीने पाण्याचा मुद्दा काढला ते बरं झालं, कारण तो फक्त गैरसोयीचा मुद्दा नाही. मणक्याची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया नावाची गोष्ट होऊ शकते. दुखापतीच्या खाली कुठेतरी त्रास होत असतो, पण तो जाणवत नाही. तुंबलेलं मूत्राशय, दुमडलेली कॅथेटरची नळी, बद्धकोष्ठता, आवळलेला पट्टा, बुटात गेलेला खडा, काहीही. शरीर त्याला रक्तदाब भसकन वाढवून उत्तर देतं. लक्षणं: एकदम ठणकणारं डोकं, चेहरा लाल, दुखापतीच्या वर घाम, अंगावर काटा.

आता नीट वाचा. ट्रेकवर कुणाला बरं वाटेनासं झालं की आपण काय करतो? आडवं झोपवतो, पाय वर करतो. इथे ते करायचं नाही. बसतं ठेवायचं, पाय खाली सोडायचे, हार्नेस-पट्टे-बूट सैल करायचे, नळी तपासायची, मूत्राशय रिकामं करायचं. कारण सापडून उतार पडला नाही तर थेट रुग्णालय. यात फिट येऊ शकते किंवा पक्षाघात होऊ शकतो. ज्यांना हे होतं त्यांना बहुधा स्वतःची लक्षणं ओळखता येतात, म्हणून आदल्या दिवशीच विचारून ठेवा आणि सोबतच्या किमान दोघांना माहीत असू द्या.

बाकी थोडक्यात. दुखापतीच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे उन्हात शरीर तापत जातं. पाण्याचा फवारा मारायची बाटली आणि सावली ठेवा. थंडीत उलट, पाय गारठले तरी कळत नाही. संवेदना नसलेली त्वचा गरम धातूवर, शेकोटीजवळ भाजते आणि कळतं ते संध्याकाळी. बसून बसून जखमा होतात, त्यासाठी दर १५ ते ३० मिनिटांनी वजन हलवायचं. स्वतःची उशी घरी ठेवून तुमच्या खुर्चीवर बसायला लावू नका. मल्टिपल स्क्लेरोसिसवाल्यांना (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) उष्णतेने लक्षणं वाढतात. डाउन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, म्हणून मानेला झटका बसेल अशा प्रकारांआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

उचलण्याबद्दल: काखेत हात घालून कधीही ओढू नका. कमजोर खांदा निखळतो. खुर्ची उचलताना हाताचे टेकू, पायाचे टेकू धरू नका, ते निघून हातात येतात. उचलताना "एक, दोन, तीन" एकानेच म्हणायचं, आणि ते सहसा खुर्चीतल्या माणसाने.

शंकासुर

@दोनचाकी, प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला हे मान्य. पण गटनेत्याची अडचणही समजून घ्या. तुम्ही धोका पत्करलात तरी चार लोक दांडे धरून आहेत, घसरले तर तेही जातात.

दोनचाकी

हे मात्र बरोबर. दांडा धरणाऱ्यालाही "इथून पुढे मी नेणार नाही" म्हणायचा हक्क आहे. तो निर्णय माझ्या समोर, मला सांगून झाला की माझी तक्रार नाही. माझ्या पाठीमागे कुजबुजून झाला की आहे.

डावा_पाय_धातूचा

रानवारांकडे कृत्रिम पायवाला आहे म्हणून लिहितो. लोकांना वाटतं चढ कठीण. चढ निवांत असतो. उतारावर घोटा वाकत नाही, तळव्याला ओलं-कोरडं कळत नाही, निसरड्या खडकावर पाऊल गेलं हे गुडघ्याला कळेपर्यंत उशीर होतो. दोन काठ्या हव्यातच.

दुसरं, घाम. सिलिकॉनच्या लायनरमध्ये (उरलेल्या पायावर चढवायचं आवरण) घाम साचतो, पाय सटकायला लागतो, कातडी सोलवटते. शिवाय दिवसभरात उरलेल्या पायाचा आकारही कमी होतो, सकाळी घट्ट बसलेला सॉकेट (कृत्रिम पायाचा वरचा, पाय आत बसतो तो भाग) दुपारी डुगडुगतो. म्हणून मधूनमधून थांबून, पाय काढून, पुसून, एखादा जादा मोजा चढवून परत घालावा लागतो. गट थांबला नाही तर माणूस लाजेपोटी चालत राहतो आणि मग पुढचे काही दिवस पायच घालता येत नाही. थांबे आधीच वेळापत्रकात घाला, म्हणजे कुणाला "माझ्यामुळे थांबलो" असं वाटत नाही. पिशवीत कोरडा लायनर, मोजे, अ‍ॅलन की. बस्स.

ठिपके

मला दिसत नाही. हा प्रतिसाद फोनवर बोलून टाकतोय, शुद्धलेखन माफ.

"सांभाळून", "जरा बघून", "इथे आहे बघ" या तीन वाक्यांनी काही कळत नाही. "दोन पावलांवर गुडघाभर पायरी, खाली. उजवीकडे दरी, डावीकडे कातळ, हात लावता येईल" यातून सगळं कळतं. आधी दिशा, मग अंतर, मग काय आहे ते. सपाट वाटेवर मी सोबत्याचा कोपर धरतो. वाट अरुंद झाली की त्याच्या पाठपिशवीचा पट्टा, किंवा दोघांत एक काठी. पुढच्याच्या पिशवीला लहान घंटा बांधली तर मोकळ्या वाटेवर धरायचीही गरज पडत नाही. वाइहेनमायर अशीच घंटा वापरतात. २०१४ मध्ये त्यांनी ग्रँड कॅन्यनमधून २७७ मैल कयाकिंग केलं, तेव्हा मागच्या कयाकमधला मार्गदर्शक रेडिओवरून "डावीकडे, अजून डावीकडे, थांब" सांगत होता. लाटांच्या आवाजात उगाच गप्पा नाहीत, ठरलेले मोजके शब्द.

भिंतीवर घड्याळ वापरा. "उजवा हात, २ वाजता, कोपरभर लांब." खालून चार जण एकदम सल्ले द्यायला लागले की मी हात सोडून लटकतो आणि सगळे गप्प होईपर्यंत थांबतो.

चालताना पूर्ण वेळ डोकं कामात असतं. पाय दुखण्याआधी लक्ष थकतं आणि धडपड तेव्हाच होते. सोबतीही थकतो, त्याला बदली द्या.

आणि हो, आजूबाजूला काय आहे तेही कधीतरी सांगा. सतत समालोचन नको, पण सगळे एकदम "अहाहा" म्हणाल्यावर मी एकट्यानेच उभं राहायचं का?

पाणकावळा

पाण्याबद्दल एकच नियम मोठ्या अक्षरात समजा: कयाकमध्ये माणसाला बांधायचं नाही. तोल राहावा म्हणून धडाला पट्टा लावायचा मोह होतो. बोट उलटली की त्याच पट्ट्याने माणूस पाण्याखाली अडकतो. आधार हवा असेल तर पाठीला उंच टेकू, बाजूंना फोमचे तुकडे, मांड्यांखाली उशी. बोटच स्थिर करायची असेल तर दोन्ही बाजूंना तरंगणारे आधार (आउटरिगर) लावा. पट्टा अपरिहार्यच असेल तर तो एका ओढीत सुटणारा हवा, आणि ज्याच्या हातात ताकद नाही त्यालाही तो सुटतो की नाही ते उथळ पाण्यात तपासून बघायचं. कयाक मुद्दाम उलटवून बाहेर येण्याचा सराव किनाऱ्याजवळ झाल्याशिवाय खोल पाण्यात जायचं नाही, हे धडधाकटांनाही लागू.

पाय लुळे असतील तर लाइफ जॅकेट घालून माणूस पाण्यात कसा तरंगतो तेही आधी बघा. प्रत्येकाचं वेगळं होतं. काहींचे पाय वर येतात आणि तोंड पाण्याकडे वळतं. फिट येणारे असतील तर तोंड वर ठेवणारं जॅकेट आणि हाताच्या अंतरावर एक जण, कायम.

पकड नसलेल्यांसाठी वल्ह्याला मनगट बांधणारे हातमोजे मिळतात. तेही चटकन सुटणारे घ्या, कारण तेच.

कयाकिंगची गंमत ही की एकदा पाण्यात बसलं की खुर्ची किनाऱ्यावर राहते आणि लांबून कोण कसं चालतं ते ओळखू येत नाही. पॅराकनू, म्हणजे अपंग खेळाडूंची कयाक-कनूची शर्यत, २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकमध्ये आलं. त्याच रिओनंतर शिडाच्या बोटींची शर्यत मात्र पॅरालिंपिकमधून काढली. भिंतीवरचं पॅराक्लाइंबिंग २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा येतंय.

शिडाचा विषय निघालाच आहे तर लॉर्ड नेल्सन (१९८६) आणि टेनेशियस (२०००) या दोन ब्रिटिश जहाजांबद्दल जरूर वाचा. मोठी डोलकाठ्यांची जहाजं, खलाशांत अपंग आणि बाकीचे मिसळलेले, जोड्या लावलेल्या. बोलणारं होकायंत्र, मजल्यांमध्ये लिफ्ट, खुर्चीसकट डोलकाठीवर चढवायची सोय. मुख्य म्हणजे प्रवासी कुणीच नाही, पहारा आणि दोर ओढणं सगळ्यांना. ती चालवणाऱ्या जुबिली सेलिंग ट्रस्टला २०२३ मध्ये पैशांअभावी काम थांबवावं लागलं. माझ्या मते अशा कार्यक्रमांचा हाच सगळ्यात कच्चा दुवा: साधनासाठी देणगी मिळते, त्याच्या देखभालीसाठी आणि दरवर्षीच्या खर्चासाठी मिळत नाही.

हातवारे

बहिऱ्यांचा उल्लेख अजून झाला नाही म्हणून. आम्हाला चढ-उताराचा प्रश्न नसतो, म्हणून सगळ्यांना वाटतं काही करायचंच नाही. सूचना चालता चालता दिल्या जातात, गटनेता पुढे तोंड करून बोलतो, आम्ही मागे. थांबा, वळा, मग बोला. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर तुमचा चेहरा काळा दिसतो, ओठ वाचता येत नाहीत. रात्री हेडटॉर्च माझ्या डोळ्यांवर मारू नका, स्वतःच्या हातांवर आणि चेहऱ्यावर मारा. दोरावर असताना ओरडून काही उपयोग नाही. दोराचे झटके आधी ठरवून घ्या, एक झटका म्हणजे काय, दोन म्हणजे काय.

पाणकावळा, स्कूबामध्ये मात्र आम्ही पुढे. पाण्याखाली तुम्ही चार ठरलेल्या खुणा करता, आम्ही पूर्ण गप्पा मारतो.

पाणकावळा

@हातवारे, पुढच्या डाइव्हला शिकवा. आम्ही वर येऊन सगळं एकमेकांना सांगायला धडपडतो, तोवर निम्मं विसरलेलं असतं.

लेकाचा_बाबा

मुलगा स्वमग्न आहे, अकरा वर्षांचा. त्याच्यासाठी खडक-पाणी-झाडं उत्तम, अडचण अनपेक्षित गोष्टींची. कार्यक्रमाच्या आधी जागेचे फोटो, कुठल्या क्रमाने काय होणार ती चित्रं, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घरी नेऊन घालून बघायची मुभा, एवढं मिळालं की अर्धी लढाई जिंकली. शिट्टी आणि टाळ्यांनी तो कान झाकून बसतो, त्यामुळे "चला सगळ्यांनी टाळ्या!" हा प्रकार टाळता आला तर बरं. आणि मधेच बाहेर पडायची वाट ठेवा: एक शांत कोपरा, एक माणूस. तिथे जाऊन आला की तो परत येतो, ओढून आणलं तर नाही येत.

पायवाट

मी वाटा मोजण्याचं काम करते. माझी तक्रार "सुगम्य आहे / नाही" अशा पाट्यांबद्दल आहे. कुणासाठी सुगम्य? वाटेची मापं द्या, ज्याचं तो ठरवेल.

अमेरिकेच्या ॲक्सेस बोर्डाची (अपंगांसाठीच्या सोयींची मापं ठरवणारी सरकारी संस्था) २०१३ ची बाहेरच्या वाटांसाठीची मापं संदर्भाला बरी आहेत. रुंदी किमान ३६ इंच. चढ १:२० पर्यंत असेल तर कितीही लांब चालेल. १:१२ पर्यंत असेल तर सलग २०० फूट, १:१० पर्यंत ३० फूट, १:८ पर्यंत फक्त १० फूट, आणि प्रत्येक तुकड्यानंतर विसाव्याची सपाट जागा. (१:१२ म्हणजे १२ फूट पुढे गेल्यावर १ फूट उंची.) शिवाय संपूर्ण वाटेच्या ३० टक्क्यांहून जास्त भाग १:१२ पेक्षा तीव्र नको.

लोक चढ मोजतात आणि आडवा उतार विसरतात. वाट एका बाजूला कललेली असली की खुर्ची सारखी त्या बाजूला ओढली जाते, एकाच हाताने ब्रेक मारत जावं लागतं, थोड्याच वेळात खांदा गेला. पुढची लहान चाकं खडीत आणि वाळूत रुततात. त्यासाठी पायाच्या टेकूला पुढे एक मोठं चाक जोडता येतं, मग लहान चाकं हवेत राहतात. फोनमध्ये उतार मोजायचं ॲप असतं. रानवारांच्या गटाने पुढच्या वेळी वाट चालताना दर थोड्या अंतरावर चढ, आडवा उतार, सगळ्यात अरुंद जागा आणि सगळ्यात उंच पायरी लिहून आणावी. गटाकडे पैसे नसतील तरी हे करता येईल.

शंकासुर

एक प्रश्न, खवचट नाही. जॉएलेटमध्ये बसून वर जाणं म्हणजे दुसऱ्यांनी उचलून नेणंच ना? मग त्याला सहभाग कसं म्हणायचं?

डावा_पाय_धातूचा

मलाही हे खटकतं. मार्क वेलमन यांचं उदाहरण घ्या. १९८२ मध्ये डोंगरावरून पडून कमरेखाली अधू झाले, १९८९ मध्ये अमेरिकेतल्या एल कॅपिटनचा सुमारे ३००० फुटांचा कडा चढले. जोडीदार माइक कॉर्बेट पुढे जाऊन दोर लावायचा, वेलमन त्या दोरावर हातांनी स्वतःला वर ओढायचे, एका वेळी काही इंच, सुमारे ७००० वेळा. त्याला चढणं म्हणतात.

दोनचाकी

वेलमनचे हात चालत होते. माझे नाहीत. मग मी कधी चढलेच नाही असं समजायचं?

जॉएलेटमध्ये मी दोन प्रकारे गेले आहे. एकदा मला बसवलं, पट्टे आवळले, आणि वर पोचल्यावर फोटो काढले. कुणी विचारलं नाही थांबायचं का, कुठली वाट घ्यायची. पाठीत वळ उमटले होते. दुसऱ्या वेळी नकाशा माझ्या मांडीवर होता. कुठे थांबायचं, दगडाला डावीकडून जायचं की उजवीकडून, कधी परत फिरायचं, हे मी सांगत होते. मीही एका बाजूला तोल टाकून वळणाला मदत करत होते. माथ्याच्या थोडं अलीकडे ढग दाटले आणि मी परत फिरा म्हटलं. दांडे धरणारे हिरमुसले, पण फिरले. ती माझी मोहीम होती. पहिली नव्हती, जरी त्यात माथा मिळाला.

@डावा_पाय, भिंतीवर मीही चढते, कप्प्यांच्या जोरावर. ३:१ ची रचना लावली की वजनाच्या एक तृतीयांश ताकदीत वर जाता येतं. दोर मात्र तिप्पट ओढावा लागतो. हात पट्ट्याने बारला बांधतात. ५:१ पण लावतात, तेव्हा पाच वेळा ओढावं तेव्हा एक वीत सरकतं. हसायला येतं, पण सरकतं.

डावा_पाय_धातूचा

वाचलं. माथ्याअलीकडून परत फिरवलंत, तेवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. माझा आक्षेप मागे.

दुर्बीण

रानवारा, स्वयंसेवकांना तयार करायला डोळ्यांवर पट्ट्या बांधून चालवणार असाल तर थांबा. आम्हीही तोच विचार करत होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की अशा खेळांनी लोकांची भीती आणि कीव वाढते, समज फारशी वाढत नाही. साहजिक आहे, पट्टी बांधलेला माणूस आंधळेपणाचा पहिला तास अनुभवतो, ठिपके यांची इतक्या वर्षांची सवय नाही.

ठिपके

+१. त्यापेक्षा मला एका स्वयंसेवकासोबत दोन तास आधी चालवा. तो मला शिकेल, मी त्याला.

रानवारा

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत गटाच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. ठरलेलं असं: खुर्ची सध्या विकत घेणार नाही, भाड्याने किंवा उसनी मिळते का ते बघू. पहिला कार्यक्रम डोंगरावर नाही, तळ्याभोवतीच्या वाटेवर. वाट पायवाट यांनी सांगितल्याप्रमाणे मोजून मापं आधी तिघांना पाठवणार. तंबू-कमोडची सोय होईपर्यंत तारीख जाहीर करणार नाही. फॉर्म नव्याने लिहितो आहोत, मसुदा इथेच टाकेन. फोटोची परवानगी वेगळी, आणि "नाही" म्हटलं तर कारण विचारायचं नाही.

एक अडलंय. परत फिरण्याचा निर्णय कुणाचा, यावर एकमत नाही. सहभागी, गटनेता, की दोघांपैकी कुणीही एक?

दोनचाकी

कुणीही एक. वर जायला दोघांचा होकार लागतो, खाली यायला एकाचा पुरे. फॉर्मात हे स्वयंसेवकांसाठीही लिहा.

शंकासुर

हे लेखी असेल तर माझी अर्धी शंका मिटली. उरलेली विम्याची. अपंगत्व लपवून किंवा न विचारता विमा काढू नका, दावा फेटाळायला तेवढं निमित्त पुरतं. उपक्रमाचं नाव, साधन आणि सहभागींची माहिती स्पष्ट देऊन कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. मसुदा टाकलात की त्या बाजूने मी वाचतो.

फिजिओ_काकू

मसुद्यात एक ओळ माझ्याकडून: "कार्यक्रमानंतर रात्री त्वचा तपासा, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर बसू नका आणि डॉक्टरांना दाखवा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला एक फोन.